वाचलेला धर्म आणि ऐकलेला धर्म

जालना जिल्ह्यांत, घनसावंगी तालुक्यांत, जांब नांवाचें गांव आहे. समर्थ रामदासांचा जन्म तेथें १६०८ सालीं झाला, हें बहुतेक श्रोत्यांस ठाऊक असेल. समर्थांनीं दासबोधांत श्रवणाचें माहात्म्य सांगण्यासाठीं स्वतंत्र समास लिहिले, आणि अक्षर कसें काढावें, पोथी कशी लिहावी व राखावी, ह्यासाठींहि एक निराळा समास खर्ची घातला. धर्माचें ज्ञान कानानें घ्यावयाचें कीं डोळ्यांनीं, हा प्रश्न ह्या मातीला नवा नाहीं. आज मला ज्या हकीकतीविषयीं बोलावयाचें आहे ती जालना शहराच्या जवळपासच घडलेली आहे. मात्र तिच्यांतील ग्रंथ निराळा, आणि तो ग्रंथ घेऊन येणारा गृहस्थ जन्मानें ब्राह्मण असला तरी निराळ्या वाटेनें आलेला. त्याचें नांव रेव्हरंड नारायण शेषाद्रि.

ख्रिस्ती धर्म महाराष्ट्रांत कसा पसरला ह्याविषयीं आपल्या सुशिक्षित घरांतून दोन समजुती रूढ आहेत. कोणी म्हणतात तो सत्तेच्या जोरावर पसरला, कोणी म्हणतात दुष्काळांतील धान्याच्या जोरावर. दोन्हींना इतिहासांत थोडाबहुत आधार आहे, आणि तो नाकारण्याचें मला प्रयोजन दिसत नाहीं. परंतु एकोणिसाव्या शतकांत आणखी एक साधन ह्या कामीं लागलें, आणि त्याकडे आपलें लक्ष फारसें गेलेलें नाहीं. तें साधन म्हणजे छापील मराठी पुस्तक. कांहीं माणसें, संख्येनें थोडीं पण बुद्धीनें तेजस्वी, ख्रिस्ती सिद्धांत वाचून शिकलीं. वाचतां वाचतां त्यांच्या मनांत खळबळ उडाली, आणि त्यांतून कोणी ख्रिस्ती झाले तर कोणी कट्टर विरोधक. ह्या वाचकांचा इतिहास हा मराठी गद्याच्या इतिहासाचाच एक भाग आहे.

तसें पाहिलें तर ह्या कथेचें मूळ गोमंतकांत आहे. इंग्लंडांत जन्मलेले पाद्री थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले आणि साष्टी प्रांतांत त्यांचें आयुष्य गेलें. त्यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं छापून प्रसिद्ध झालें. ग्रंथाच्या आरंभींच असा प्रसंग घातला आहे कीं, मुलांना ख्रिस्ती शिकवण दिली जात असतां एक ब्राह्मण पाद्रींकडे येतो आणि विचारतो, आमचीं जुनीं पुराणें तुम्ही बंद केलींत, मग त्यांच्या जागीं नवें पुराण कां देत नाहीं? हा प्रश्न खोल आहे. नुसत्या प्रश्नोत्तरांच्या पाठांतरानें मनाची भूक भागत नाहीं, कथा हवी, ओवी हवी, हें त्या ब्राह्मणानें ओळखलें होतें. आणि त्याहून विशेष हें कीं, त्या परदेशी पाद्रीनें तें मानलें व सुमारें अकरा हजार ओव्या रचल्या. पण ख्रिस्तपुराण हें मुख्यतः देवळांत वाचून दाखविण्याचें पुराण. एकानें वाचावें आणि शंभरांनीं ऐकावें, ही आपली जुनीच रीत त्यानें पाळली.

घाटावर जें घडलें तें ह्याहून निराळें. तेथें प्रॉटेस्टंट मिशनरी आले, आणि त्यांच्या धर्ममताचा पायाच असा कीं, प्रत्येक मनुष्यानें शास्त्र स्वतःच्या डोळ्यांनीं, स्वतःच्या भाषेंत वाचावें. विल्यम कॅरी यांनीं बंगालमधील श्रीरामपुरास बसून, वैजनाथ पंडितांच्या साहाय्यानें मराठीचें व्याकरण आणि कोश तयार केला. मत्तयाचें शुभवर्तमान मराठींत १८०५ सालीं निघालें. अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट १८१३ च्या फेब्रुवारींत मुंबईस उतरले. त्यांच्या छापखान्यांतून १८२६ सालीं नवा करार आणि १८४७ सालीं संपूर्ण बायबल मराठींत बाहेर पडलें. ह्या छापखान्याची एक गंमत सांगण्यासारखी आहे. गणपत कृष्णाजी ह्यांनीं छपाईची कला तेथेंच पाहिली व शिकली, आणि पुढें स्वतःचा छापखाना काढून १८३१ सालीं मराठी पंचांग छापलें. निर्णयसागरचे जावजी दादाजीहि त्याच मिशनच्या छापखान्यांत उमेदवारी करून तयार झालेले. ज्या टाइपांनीं मूर्तिपूजेचें खंडन छापलें जात होतें, त्याच कलेनें आमचीं पंचांगें, स्तोत्रें आणि संस्कृत ग्रंथ घरोघर पोंचविले! छापखान्याला धर्म नसतो असें म्हणतात. निदान मुंबईपुरतें तें खरें ठरलें.

पुस्तकें छापणें सोपें, वाचक मिळविणें अवघड. तें काम शाळांनीं केलें. स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन १८२९ सालीं मुंबईस आले. त्यांचे सहकारी रॉबर्ट नेस्बिट हे तर मराठी इतकें सफाईदार बोलत कीं, त्यांच्या मराठीची तारीफ त्या काळच्या शास्त्रीमंडळींनीं देखील केली. ह्यांच्या शाळांतून गणित, भूगोल, इंग्रजी वाङ्मय आणि तर्कशास्त्र ह्यांच्या जोडीनें बायबलचें वाचन हा रोजचा पाठ असे. आईबाप मुलांना पाठवीत ते इंग्रजीसाठीं, नोकरीसाठीं. बायबलचा तास ते औषधावरील पथ्यासारखा सोशीत. पुष्कळ मुलांना तें पथ्य बाधलें नाहीं. थोड्यांना मात्र तोच खरा आहार वाटूं लागला.

परळीकर घराण्यांतील नारायण शेषाद्रि हा त्या थोड्यांपैकीं एक. १३ सप्टेंबर १८४३ रोजीं नेस्बिट यांच्या हातून त्यानें बाप्तिस्मा घेतला. त्याच वर्षीं मे महिन्यांत स्कॉटलंडच्या मंडळींत मोठी फूट पडली होती. गांवच्या मंडळीचा पाळक कोणी नेमावा, जमीनदारानें कीं मंडळीनें, ह्या वादांतून फ्री चर्च निर्माण झालें, आणि मुंबईचे मिशनरी त्या नव्या पक्षास मिळाले. ह्या धामधुमींत नारायणाचा धाकटा भाऊ श्रीपत, वय सुमारें बारा वर्षांचें, तोहि भावामागून मिशनरींच्या आश्रयास गेला. वडिलांनीं सुप्रीम कोर्टांत धांव घेतली. श्रीपत अज्ञान आहे, त्याला धर्माची निवड करण्याचा अधिकार नाहीं, असें ठरून कोर्टानें तो पित्याच्या स्वाधीन केला. मोठा भाऊ एका घरीं, धाकटा दुसऱ्या घरीं. एका आईचीं दोन मुलें एका वर्षांत अशीं दुरावलीं. ह्या खटल्याची चर्चा करतांना कायद्याचा कीस सर्वांनीं काढला. त्या मातेच्या मनाचा विचार कोणी केल्याचें ऐकिवांत नाहीं.

पण कोर्टानें प्रश्न संपला नाहीं, तेथें तो सुरू झाला. श्रीपत मिशनरींच्या घरीं राहिला, तेथें जेवला. आतां त्याला जातींत घ्यावयाचा कसा? ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर ह्यांनीं प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावा असा पक्ष हिरिरीनें मांडला. शास्त्र्यांचे दोन तट पडले, पत्रकें निघालीं, बहिष्काराच्या धमक्या झाल्या. जांभेकरांनीं आपलें म्हणणें सोडलें नाहीं आणि अखेर श्रीपताची शुद्धि झाली. तीन वर्षांनीं, १८४६ सालीं, बाळशास्त्री वारले. अवघें चौतीस वर्षांचें आयुष्य, आणि त्यांतला हा एक प्रसंग देखील त्यांचें धैर्य दाखवावयास पुरेसा आहे.

येथें एका शब्दापाशीं मला थोडें थांबावेंसें वाटतें, आणि तो शब्द ‘प्रायश्चित्त’. ज्या वर्षीं धाकट्या भावाला कोणतें प्रायश्चित्त द्यावें ह्याचा खल चालला होता, त्या वर्षीं थोरल्या भावानें प्रायश्चित्ताचा सर्वस्वीं निराळा अर्थ पत्करला होता. मराठी बायबलांत हाच शब्द ख्रिस्ताच्या मरणासाठीं योजलेला आहे. आपल्या धर्मशास्त्रांत दोष करणारानेंच प्रायश्चित्त घ्यावयाचें असतें. कृच्छ्र, चांद्रायण, पंचगव्य, दान, सर्व कांहीं त्यानेंच करावयाचें. ख्रिस्ती सिद्धांत असा कीं, दोष एकाचा आणि प्रायश्चित्त दुसऱ्याचें. तेंहि एकदांच झालेलें, पुन्हां न होणारें. शब्द एकच, पण वाचणाराच्या मनांतला अर्थ आणि लिहिणाराच्या मनांतला अर्थ ह्यांच्या दिशा उलट. वाचून सिद्धांत शिकणाराची खरी कसोटी ती हीच. गुरु जवळ असला तर तो म्हणेल, बाबा, हा शब्द येथें तसा घेऊं नकोस. पुस्तक तसें म्हणत नाहीं. तें मुकाट्यानें उघडें पडून राहतें.

असे शब्द कितीतरी आहेत. ‘नवा जन्म’ म्हटलें कीं आपल्या वाचकापुढें चौऱ्यायशीं लक्ष योनी उभ्या राहतात. लेखकाला अभिप्रेत असतें ह्याच देहांतील अंतःकरणाचें परिवर्तन. योहानाच्या शुभवर्तमानाच्या आरंभीं ‘शब्द’ हा शब्द येतो. ज्यानें ज्ञानेश्वरी ऐकली आहे त्याचें मन लगेच शब्दब्रह्माकडे जातें. ‘आत्मा’ म्हणतांच वेदान्त मध्यें येतो. त्रैक्य समजावून सांगूं लागावें तों ऐकणारा म्हणतो, हो, आमचे दत्तात्रेय! देवानें मनुष्यदेह धारण केला ह्या मताला ‘अवतार’ म्हणावें तर दहा अवतारांत अकरावा बसविला जातो, आणि न म्हणावें तर तो शब्द सोडून दुसरा कोणताहि तितका जिवंत वाटत नाहीं. म्हणून ‘देहधारण’ असा शब्द रूढ झाला. तो बिनचूक आहे, पण त्याला घरचा वास नाहीं. ‘मोक्ष’ टाळून ‘तारण’ घेतलें, तें मात्र फार चांगलें झालें असें माझें मत आहे. तारण म्हणजे तारणें, आणि तारण म्हणजे सावकाराकडे ठेवलेली जिन्नसहि. दोन्ही अर्थ मराठी कुणब्याला पाठ.

नारायण शेषाद्रींस दीक्षा मिळाली ती १८५४ सालीं, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर अकरा वर्षांनीं. स्कॉटिश मंडळीची शिस्त कडक. नुसती श्रद्धा असून भागत नसे. मूळ हिब्रू व ग्रीक, मंडळीचा इतिहास आणि ईश्वरविज्ञान ह्यांचा अभ्यास करून परीक्षकांपुढें बसावें लागे. त्यांच्या आधीं १८४६ सालीं दीक्षित झालेले पारशी गृहस्थ धनजीभाई नौरोजी ह्याच अभ्यासासाठीं एडिंबरोपर्यंत गेले होते. अशा रीतीनें शेषाद्रि पुस्तकी मार्गानें शेवटपर्यंत चालून गेले. ब्राह्मणाचें घर, इंग्रजी शाळा, मग ईश्वरविज्ञान. अक्षराची आणि त्यांची ताटातूट कधींच झाली नव्हती.

आणि असा मनुष्य १८६२-६३ च्या सुमारास जालन्यास येऊन राहिला.

त्या वेळचें जालना कसें होतें? निजामाच्या राज्यांत, कुंडलिका नदीच्या कांठीं वसलेली व्यापारी पेठ. शेजारीं हैदराबाद कंटिंजंटची लष्करी छावणी. स्वतंत्र जिल्हा म्हणून जालन्याचा जन्म पुढें १ मे १९८१ रोजीं झाला. तोंवर तें औरंगाबाद जिल्ह्यांतच मोडत होतें. सरकारी कारभार फारशींत, आणि १८८४ पासून पुढें उर्दूंत. मराठी ही घराची, बाजाराची आणि देवळाची भाषा, कचेरीच्या उंबरठ्याबाहेरची. मराठी वाचतां येणाराला त्याचा रोजच्या पोटापाण्यास उपयोग थोडा. अशा मुलुखांत मराठी पुस्तक घेऊन शेषाद्रि आले, आणि त्यांना श्रोते मिळाले ते मुख्यतः मांग समाजांतून.

येथें त्यांच्या साऱ्या विद्येची परीक्षा झाली. मुंबईच्या शाळेंत पुस्तक पुढें ठेवलें कीं काम होई. येथें ज्यांच्यापुढें ठेवावयाचें त्यांच्या कित्येक पिढ्यांना अक्षराची बंदी. पोथीला हात लावणें दूरच, ती ऐकावयास देवळाच्या पायरीपर्यंत जाण्याचीहि सोय नाहीं. ह्या बंदीचा अर्थ काय होता तो १८५५ सालीं एका मुलीनें सांगून ठेवला आहे. पुण्यास जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांच्या शाळेंत शिकणारी मुक्ता साळवे ही मांग समाजांतील मुलगी. तिचा मांगमहारांच्या दुःखाविषयींचा निबंध अमेरिकन मिशनच्या ‘ज्ञानोदयां’त छापून आला. तिचा युक्तिवाद साधा पण भेदक आहे. वेद ब्राह्मणांचेच, आम्हांला ते पाहावयाचेहि नाहींत, तर मग आमच्यापाशीं धर्माचा ग्रंथच नाहीं. आणि ज्याला ग्रंथ नाहीं त्याला धर्म तरी कोणता? मुक्ता ख्रिस्ती झाली नव्हती. पण ग्रंथ आणि धर्म ह्यांचें जें समीकरण तिनें मांडलें, तें ध्यानांत घेतल्यावांचून जालन्याची हकीकत नीट उलगडणार नाहीं. लोक भाकरीसाठीं ख्रिस्ती झाले असें म्हणणें सोपें आहे. ज्या माणसाला आजवर कोणत्याच ग्रंथाजवळ फिरकूं दिलें नाहीं, त्याच्या हातांत कोणी ग्रंथ देऊन ‘हा तुझा’ असें म्हटलें, तर त्या क्षणाची किंमत केवळ भाकरीच्या मापानें होणार नाहीं.

मात्र हातांत ग्रंथ दिला तरी तो वाचणार कसा? मग वळावें लागलें तें जुन्याच मार्गाकडे, श्रवण आणि पाठांतर. दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, प्रेषितांचा मतांगीकार, हीं पाठ करावयाचीं आणि त्यांच्या जोडीला प्रश्नोत्तरें. प्रेस्बिटेरिअन मंडळीची प्रश्नोत्तरावली वेस्टमिन्स्टरच्या धर्मसभेनें १६४७ सालीं तयार केली. तींत १०७ प्रश्न आहेत. मनुष्याच्या जीविताचा मुख्य हेतु कोणता, येथून आरंभ होऊन देव, पाप, तारण, आज्ञा, प्रार्थना असा साऱ्या सिद्धांताचा पट ओळीनें उलगडत जातो. स्कॉटलंडांतील खेड्यापाड्यांतून कोळ्या-विणकरांचीं मुलें ती घोकून मोठीं होत. ज्या पंथानें पुरोहिताची मध्यस्थी नाकारून प्रत्येकाला स्वतः वाचावयास सांगितलें, त्या पंथाचाहि संसार शेवटीं घोकंपट्टीवांचून चालला नाहीं, हें पाहून आपल्या वैदिकांना थोडें हंसूं येईल, आणि यावेंहि.

पण दोन्ही घोकंपट्टींत एक भेद आहे, आणि तो दृष्टीआड करूं नये. वैदिकाचें पाठांतर हेंच साध्य. मंत्र मुखीं आला, काम झालें. मिशनरींचें पाठांतर ही पायरी. पाठ असलेलें वाक्य पुढें छापील पानावर ओळखावयाचें, आणि त्यावरून अक्षर शिकावयाचें. ज्याला प्रभूची प्रार्थना तोंडपाठ आहे, त्याच्यापुढें तिचें पान धरलें कीं तो बोट ठेवून एकेक शब्द लावूं शकतो. लहान मुलाला आपण परिचित श्लोकावरून वाचावयास शिकवितों, तीच ही युक्ति. आणि त्या प्रार्थनेच्या मराठी रूपांत पापाला ‘ऋण’ म्हटलें आहे. मराठवाड्यांतील गांवकुसाबाहेरच्या माणसाला ‘ऋण’ म्हणजे काय हें कोणीं शिकवावें? सावकाराच्या वहीवर आजोबांचा अंगठा, त्याखालीं बापाचा, आणि त्याखालीं स्वतःचा. ऋण फिटतें ह्यापेक्षां तें सोडलें जातें, ही कल्पना त्याला जितकी कळेल तितकी ती ईश्वरविज्ञानाच्या पदवीधराला कळेल कीं नाहीं ह्याची मला शंका आहे. पेरणाराचा दृष्टांत, हरवलेलें मेंढरूं, द्राक्षमळ्यांतील मजुरांची मजुरी, हें सर्व शेतीवाडींतलें. त्रैक्याला जी अडचण पडते ती मेंढपाळाला पडत नाहीं. विद्वानांना अवघड वाटलेला मार्ग अशिक्षितांनीं कांहीं ठिकाणीं सोपा करून दाखविला तो असा.

१८७० च्या सुमारास हैदराबादचे दिवाण सर सालारजंग ह्यांच्याकडून शेषाद्रींना जालन्याजवळ जमीन मिळाली आणि तेथें त्यांनीं ख्रिस्ती वसाहत वसविली. तिचें नांव बेथेल. हा हिब्रू शब्द; अर्थ ‘देवाचें घर’. याकोब घरांतून परागंदा होऊन, धोंडा उशाला घेऊन उघड्यावर निजला असतां स्वप्नांत त्याला शिडी दिसली, त्या जागेला त्यानें दिलेलें हें नांव. घर सोडलेल्या माणसानें घर गमावलेल्या लोकांसाठीं वसविलेल्या गांवाला तें नांव द्यावें, ह्यांत शेषाद्रींचें वाचन दिसतें. एका मुसलमान राज्यांत, शिया पंथाच्या दिवाणानें, जन्मानें ब्राह्मण असलेल्या ख्रिस्ती पाळकाला, अस्पृश्य मानलेल्या लोकांच्या वसाहतीसाठीं जमीन द्यावी, असा हा योग. आपल्या इतिहासांत सरळ रेषा फार थोड्या; आणि ही तर मुळींच सरळ नाहीं.

ह्या वसाहतीवर आक्षेप घेणारे म्हणतील, जमीन दिली म्हणजे आमिष दाखविलें. आक्षेप फेटाळण्यासारखा नाहीं. जमिनीचा तुकडा आणि गांवकीच्या जुलमांतून सुटका ह्यांच्यासाठीं बाप्तिस्मा घेणारे असतीलच. जेथें संकट आहे तेथें निखळ हेतु शोधणें कठीण. परंतु उलट बाजूहि पाहावी. ज्यानें गांवांतील जुनें बलुतें सोडलें, त्याला उभें राहावयास जागा नाहीं. आणि उभें राहावयास जागा नाहीं त्याला शाळेंत बसावयास वेळ नाहीं. शेषाद्रींना सिद्धांत शिकवावयाचा होता, आणि सिद्धांत शिकावयास लागतें स्थिर घर, संध्याकाळचा दिवा, आणि मुलाला गुरांमागें न पाठवितां शाळेंत पाठविण्याइतकी ऐपत. वाचनाला जमीन लागते, हें मुंबईच्या शाळेंत कोणाच्या ध्यानांत आलें नव्हतें. तेथें ती आईबापांनीं आधींच पुरविलेली होती. शेषाद्रींवर माझा आक्षेप असलाच तर निराळा आहे. स्वतंत्र वसाहत केली कीं शेजार तुटतो. बेथेलच्या माणसाला गांवकीचा जाच चुकला, पण त्याच्या हातचा ग्रंथ पाहून गांवांतल्या कुणब्याच्या मनांत जो प्रश्न उभा राहावयाचा, तोहि कुंपणाबाहेरच राहिला.

शेषाद्रि १८७३ सालीं न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेस गेले तेव्हां पागोटें घालून सभेंत उभे राहिले. धर्म बदलला म्हणून वेष बदलण्याचें कारण त्यांना वाटलें नाहीं. ही गोष्ट लहान दिसते, पण तिचा संबंध आपल्या विषयाशीं आहे. पुस्तकांतून जो सिद्धांत शिकतो त्याला सिद्धांत आणि तो आणणाराचे कपडे हे वेगळे करतां येतात. बाबा पदमनजींचेंहि तसेंच. बेळगांवचा हा कासाराचा मुलगा लहानपणीं पोथ्यांत रमलेला, पुढें मिशनरी शाळांतून वाचीत गेलेला. १८५४ सालीं त्यानें बाप्तिस्मा घेतला. ह्या साऱ्या मंथनाची कथा त्यानें १८८८ च्या ‘अरुणोदय’ ह्या आत्मचरित्रांत सांगितली आहे, आणि ज्याला वाचक-मनाचा इतिहास पाहावयाचा असेल त्यानें ती जरूर वाचावी. नारायण वामन टिळकांच्या हातीं नवा करार आला तो आगगाडींत, एका अनोळखी युरोपियन सहप्रवाशाकडून. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं ते ख्रिस्ती झाले, आणि त्यांची वाट वाचनाची असली तरी त्यांनीं पुढें मंडळीला दिलें तें मात्र ऐकावयाचें, गावयाचें. अभंग दिले, कीर्तन दिलें. अर्धें राहिलेलें त्यांचें ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनीं पुढें नेलें. ज्या लक्ष्मीबाईंना शाळा म्हणून ठाऊक नव्हती त्यांनीं!

पंडिता रमाबाईंना ह्या भाषेचा कांच सर्वांत अधिक जाणवला. आधीं सांगितलेले ‘प्रायश्चित्ता’सारखे शब्द त्यांना स्वस्थ बसूं देईनात. रूढ भाषांतर संस्कृतप्रचुर आहे, खेड्यांतील बाईला तें कळत नाहीं, आणि त्यांतील कित्येक शब्दांना जुन्या पूजाअर्चेचा गंध आहे, असें त्यांचें मत झालें. म्हणून उतारवयांत हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनीं केडगांवच्या मुक्तिसदनांत बसून संपूर्ण बायबल सोप्या मराठींत नव्यानें उतरविलें. १९२२ सालीं त्या वारल्या. ग्रंथ १९२४ सालीं पुरा छापून झाला, आणि तो तेथील स्त्रियांनींच जुळविला व छापला. गंध पुसण्याच्या त्यांच्या आग्रहाशीं मी सहमत नाहीं. गंध पुसला कीं पुष्कळदां शब्दाचा प्राणहि जातो. पण अडाणी बाईसाठीं उतारवयांत हिब्रू शिकणारी पंडिता दुसरी दाखवा.

वाचून जे ख्रिस्ती झाले नाहींत त्यांचाहि येथें उल्लेख केला पाहिजे, कारण सिद्धांताचे ते कांहीं कमी बारकाईचे वाचक नव्हते. मोरभट दांडेकर ह्यांनीं १८३१ च्या सुमारास विल्सनसाहेबांशीं वाद घातला. विष्णुबावा ब्रह्मचारी ह्यांनीं १८५७ सालीं मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनरींशीं आठवड्यामागून आठवडे जाहीर चर्चा केली. खंडन करावयास आधीं वाचावें लागतें. जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्याच शाळेंत शिकले, आणि त्यांच्या मनावर ठसा उमटला तो टॉमस पेनच्या पुस्तकाचा. पेननें बायबलवरहि कोरडे ओढले होते; तींच पानें मुंबई-पुण्याचीं मुलें बायबलच्या तासानंतर वाचीत, आणि दुसऱ्या दिवशीं पाद्रीसाहेबांना तेच प्रश्न विचारीत. एकदां वाचावयास शिकविलें कीं विद्यार्थी काय वाचील ह्यावर शिकविणाराचा ताबा राहत नाहीं, हें मिशनरींना लवकरच उमगलें. तरी त्यांनीं शाळा बंद केल्या नाहींत, हें त्यांच्या पदरीं घातलें पाहिजे.

नारायण शेषाद्रि १८९१ सालीं परदेशच्या प्रवासांत, समुद्रावर जहाजांतच वारले. त्यांच्यामागें जालन्याचें काम स्कॉटिश मिशनकडे चाललें. १९०० सालीं फ्री चर्च दुसऱ्या एका मंडळीशीं एक होऊन युनायटेड फ्री चर्च झालें, १९२९ सालीं तें चर्च ऑफ स्कॉटलंडशीं मिळालें. ज्या फुटीच्या वर्षीं शेषाद्रींचा बाप्तिस्मा झाला, ती फूट अशी मिटली. मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारी आगगाडी जालन्यास आली ती १९०० च्या सुमारास. म्हणजे शेषाद्रींच्या हयातींत जालन्यास जें जें छापील पान मुंबईहून आलें, प्रश्नोत्तरावली असो, नवा करार असो, मुलांचें बाराखडीचें पुस्तक असो, त्याचा शेवटचा टप्पा घाटावरच्या काळ्या मातीच्या रस्त्यानेंच झाला; आणि पावसाळ्यांत त्या रस्त्यांवर गाडीचें चाक आंसापर्यंत रुतत असे.